एक मुक्काम पुढे

जेजुरीची जत्रा कशी असते असं मला कोणी विचारलं, तर मला सांगता येत नाही. पालीला भंडारा किती उधळतात, शिंगणापूरच्या पायऱ्यांवर माणसाला माणूस कसा घासतो, हे सगळं मी ऐकून आहे. एकवीस वर्षं पुण्याच्या व्यापाऱ्यांना मी या जत्रांना नेऊन पोचवलं. पण जत्रा भरायची तेव्हा मी तिथे नसायचो. मी पुढच्या गावाला असायचो, आणि पुढच्या गावात तेव्हा ओसाड माळाखेरीज काही नसायचं.

आता गुडघे गेले. शनिवार पेठेतल्या ओसरीवर बसून असतो. शेजारचे शास्त्रीबुवा परवा म्हणाले, "विसाजी, एवढे फिरलात, काही लिहून ठेवा की." मी म्हटलं, "फिरलो कुठे? नुसता पुढे गेलो." ते म्हणाले, "मग तेच लिहा." कागद मात्र त्यांनी दिला नाही.

आमच्या कामाला नाव नव्हतं. व्यापारी मला 'पुढचा' म्हणत. मार्गशीर्ष लागला की कासार, कापडवाले, अत्तरवाले, बांगडीवाले असे सात-आठ जण आपापले बैल एकत्र करून निघत आणि गावोगावच्या जत्रा करत वैशाखात परतत. घाटात गाड्या चालत नाहीत, म्हणून सगळा माल बैलांच्या पाठीवर. लादलेला बैल दिवसाला पाच कोस चालतो. सहा चालवला तर चालतो, पण चौथ्या दिवशी बसतो. जत्रा तिथीला बांधलेली, आणि बैलाला तिथी कळत नाही. तेव्हा पंचांग आणि बैल या दोघांचं जमवून, एका जत्रेहून दुसरीला कुठल्या वाटेनं आणि किती मुक्कामांत जायचं ते ठरवायचं, हे माझं काम.

ठरवून घरी बसता येत नसे. तांड्याच्या एक मुक्काम पुढे राहून पाहत जायचं. विहिरीला पाणी किती आहे, गवत कोण देतो, नदीला उतार कुठे आहे, जकातीच्या चौकीवरचा माणूस बदलला का, पाटील तोच आहे की भावानं त्याला बाजूला सारलं. जागा बोलून ठेवायची आणि चालू लागायचं. तांडा येईपर्यंत मी गेलेला असे.

निरोप ठेवायचे ते दगडांनी. फाट्यावर एकावर एक तीन दगड म्हणजे या वाटेनं या. शेजारी सुटा दगड असेल तर पुढे पाणी आहे. वर काटेरी फांदी असेल तर थांबा. याहून जास्त सांगायचं तर गावची वेस राखणाऱ्या येसकराजवळ तोंडी निरोप, आणि येसकर तो आपल्या सोयीनं सांगे. एकदा मी सांगून गेलो, 'पाटलाच्या कुत्र्याला जपा.' तांड्याला पोचलं ते, 'जपा, पाटील कुत्रा आहे.' तेही भर चावडीत, पाटलादेखत. त्या गावात पुढे तीन वर्षं आम्हाला गवत मिळालं नाही.

माणसं भेटत नसत असं नाही. रोज भेटत. पण त्यांच्याशी बोलायचं ते पाण्याचं आणि गवताचं, आणि दुसऱ्या दिवशी गाव मागे. सहा महिने असं चाललं की घरी येऊनही जिभेला दुसरं काही सुचत नसे. पहिल्या वर्षी मी परत आलो, तेव्हा बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "मुक्काम किती दिवसांचा?" ती थट्टा करत्ये असं मला तेव्हा वाटलं होतं.

सांगण्यासारखं एकच वर्ष आहे, माझं बारावं. तेच सांगतो.

तेव्हा तांड्याचे मुख्य होते बाळशेट कासार. तांब्यापितळेचे मोठे व्यापारी, तोंडाने फटकळ, पण वेळेला उभे राहणारे. दुसऱ्या जैनबबी. मणेरांच्या घरच्या, काचेच्या बांगड्यांचा धंदा. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, दुकान आम्ही पाहतो. त्या म्हणाल्या, तुम्ही आधी आपलं पाहा. सहा बैल आणि ते हाकायला धोंडू नावाचा म्हातारा गडी, कानांनी ठार बहिरा, एवढं घेऊन त्या दरवर्षी तांड्यात येत. या सगळ्यांशी माझी गाठ वर्षातून दोनदा पडे, निघताना आणि परतल्यावर. तांडा चालताना कसा दिसतो ते मी पाहिलेलं नव्हतं.

त्या फाल्गुनात नीरेकाठच्या जत्रेत एक तिथी वाढली आणि दुकानं उठायला उशीर झाला. पुढे शिंगणापूर. तिथे जो आधी पोचेल त्याला पायऱ्यांलगतची जागा, मागून येईल तो माळावर. फलटणावरून नेहमीची वाट धरली तर निम्मी जत्रा हुकणार होती. येसकराकडून निरोप धाडून मी आतली, डोंगरातली वाट सांगितली. दोन मुक्काम वाचत होते. पहिला मुक्काम एका ओढ्यावर, दुसरा पाच कोसांवर बांधाच्या तळ्यावर. त्यापुढे मात्र सात कोस पाण्याचा थेंब नाही. पण तळं मी तीन आठवड्यांपूर्वी स्वतः पाहिलं होतं, काठोकाठ. बैलांना तिथे पोटभर पाजलं की पुढचं काही अवघड नव्हतं.

तांडा ओढ्याकडे निघाला त्या दिवशी मी ओढा ओलांडून पुढे होतो. त्याच सकाळी तळ्यावर आलो, तर तळं नव्हतं. चिखल होता, आणि चिखलात घोड्यांच्या टापा. लष्कर दोन दिवस तळ देऊन गेलं होतं. कुणाचं, ते विचारायलाही माणूस उरला नव्हता. शेजारच्या गावातली माणसं गुरं घेऊन केव्हाच डोंगरात गेली होती. बांधाजवळ एक हातभर खड्डा खणून पाहिला. ओल लागली, पाणी नाही.

फांदीची खूण ठेवून भागणार नव्हतं. तांडा ओढ्यावरून निघायच्या आत त्यांना गाठायला हवं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी मागे फिरलो.

दिवस मावळता मावळता ओढ्याजवळ आलो. आधी धूर दिसला, मग भाकरीचा वास आला, मग हसणं ऐकू आलं. करंजाच्या झाडाआड माझी पावलं आपोआप थांबली. चुली पेटल्या होत्या आणि मधोमध बाळशेट उभे होते, डोक्यावरून घोंगडी, हातात काठी, मान किंचित वाकडी. त्यांनी सपाट आवाजात सुरुवात केली, "पाणी बरं आहे. गवत बरं आहे. माणसं..." इथे ते थांबले, काठी दुसऱ्या हातात घेतली. "माणसं आहेत."

सगळे हसून कोसळले. कापडवाले गोविंदशेट डोळे पुसत म्हणाले, "विसाजी, जेवलात का?"

"जेवण बरं आहे."

नक्कल उत्तम होती. मान मी वाकडी धरतो हे मला तेव्हाच कळलं. जैनबबी तर पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसत होत्या. मला राग आला नाही. पण प्रश्न कोणी विचारायचा, कुठे थांबायचं, हे ज्याला त्याला पाठ होतं. म्हणजे हे रोजचं होतं. गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी मी या चुलीजवळ येत होतो, गप्पांत बसत होतो, आणि त्याचा मलाच पत्ता नव्हता.

मी पुढे झालो. हसणं विझलं. बाळशेटनी घोंगडी खाली टाकली.

"विसोबा? तुम्ही इकडे कसे?"

"तळ्यात पाणी नाही. लष्कर पिऊन गेलं."

गोविंदशेट म्हणाले, "आतली वाट कुणी सांगितली?"

"मी."

"तळं कुणी पाहिलं होतं?"

"मीच."

"मग?"

परत फिरून फलटणाकडे जावं तर जत्रा गेली. सगळ्यांची वर्षाची भिस्त त्या जत्रेवर. पुढे जावं तर बारा कोस कोरडे, दोन दिवस, चैत्राचं ऊन. मग बाळशेट उठले, आपल्या गोणींपाशी गेले आणि एक मोठा नवा हंडा काढून ओढ्यात बुडवला. कासाराच्या हाताने नवा हंडा असा भरणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. पाणी भरलं की तो हंडा कोरा राहिला नाही.

गोविंदशेट म्हणाले, "हे आता नवे म्हणून विकणार?"

"चिंचेनं घासून विकीन. कोणी विचारलं तर खरं सांगीन," बाळशेट म्हणाले. "कोणी विचारत नाही."

हंड्यांना फडकी बांधून पाणी न्यायचं ठरलं. बैलांना तळ्याच्या मुक्कामी अर्धी तहान भागेल इतकं. पण भरलेले हंडे न्यायचे कशावर? काही बैलांवरचा माल उतरवून इथेच ठेवावा लागणार होता. कुणाचा, हे कोणी बोललं नाही. कापड चोरीला जातं, अत्तराचं ओझंच नसतं, तांबं तर हवंच होतं. एकेकाची नजर चुलीकडे गेली आणि तिथेच राहिली.

जैनबबी म्हणाल्या, "सगळ्यांनी एकदम गप्प बसायला नको. माझ्या गोणी उतरवा."

"जैनबबी, तुमची जत्रा बुडेल," मी म्हणालो.

"बुडायलाही पाणी लागतं, विसाजी."

मी म्हणालो, माल सांभाळायला मी थांबतो. माझ्या चुकीत मला तेवढंच करता येण्यासारखं होतं. पुढची वाट सरळच होती, तिला पुढच्या माणसाची गरज नव्हती. आठ दिवसांत तांडा याच बाजूने परत फिरून माल उचलेल, असं बोलणं झालं. पहाटे ते निघाले. भरल्या हंड्यांमुळे बैल पाय जपून टाकत होते. ओढ्यावर मी राहिलो, आणि रस्त्यालगतच्या पडक्या देवळात बांगड्यांच्या बारा गोणी.

जवळ दहाबारा घरांची वस्ती होती. तिथल्या बाया पाण्याला येत, गोणींकडे पाहत आणि जात. तिसऱ्या दिवशी गोदाक्का नावाची म्हातारी नातीला घेऊन आली. पोरीचं लग्न चार दिवसांवर.

"काकनं हायती म्हनं तुमच्याकडं. हिच्या हातात भरा की."

"आजी, मी बांगडीवाला नाही. मी नुसता राखण करतोय."

"मग राखनदारानं भरा. लगीन का आमचं थांबतंय?"

ओळीने पाच बांगड्या माझ्या हातून गेल्या. पाचवीला माझ्याच बोटातून रक्त आलं. मी म्हणालो, "ही पण फुटली."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "लगीनघरात आसं बोलत्यात व्हय? वाढली म्हना."

"वाढली."

"आजून किती वाढवनार हाय?"

मग तिनेच मला शिकवलं. हात पाण्यानं ओला करायचा, अंगठ्याचा उंचवटा आत दाबायचा. "आन् काकनाकडं नगा बगू. पोरीच्या तोंडाकडं बगा. दुखलं का ते हातावर दिसत न्हाय, तोंडावर दिसतं."

मी त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. लाजरी, सोळा-सतरा वर्षांची, ओठ दातांखाली घट्ट धरलेला. बांगडी आत गेली. पाणी कसं आहे, गवत कसं आहे हे सोडून एखाद्या माणसाच्या तोंडाकडे मी इतका वेळ पाहिलं, असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. हिरव्या बांगड्यांनी दोन्ही हात भरून ती गेली, आणि जाताना एकदा मागे वळून तिनं हात हलवून त्या वाजवल्या. म्हातारीनं शेरभर जोंधळे ठेवले.

आठवा दिवस गेला. दहावा गेला. मी रोज सकाळी टेकाडावर जाऊन वाटेकडे पाही. मी आलो की माझी वाट पाहणारं कोणी असे असं नाही, पण दुसऱ्याची वाट मी कधी पाहिली नव्हती. ती कशी पाहतात तेही मला ठाऊक नव्हतं. वाटेकडे सारखं पाहिलं की वाट मोठी होते. बाराव्या दिवशी मनात येऊन गेलं, तांड्यावर काही बेतलं असेल. तेराव्याला वाटलं, बेतलं नसेल, मी विसरलो गेलो असेन. यांतलं दुसरं जास्त जाचत होतं, याची मला लाज वाटली.

सोळाव्या दिवशी भलत्याच बाजूने, नीरेकडून, जैनबबी आल्या. बरोबर धोंडू आणि पाच बैल.

"बाकीचे?" मी विचारलं.

"फलटणावरून पुण्याला गेले. डोंगरातून परत यायची कुणाची छाती झाली नाही. मी नदीकाठानं वळसा घालून आले, म्हणून उशीर."

"जत्रा?"

"चांगली झाली. पायऱ्यांलगत जागा मिळाली सगळ्यांना."

"आणि सहावा बैल?"

"तळ्यापाशी बसला, तो उठला नाही. पाणी त्याच्याच पाठीवर होतं. दुसऱ्यांना पाजून झाल्यावर त्याची पाळी यायची होती. बाळशेट म्हणालेत, नवा घेऊन देईन." मग म्हणाल्या, "म्हणालेत."

पांढरा, शिंगांना पितळी टोपणं घातलेला बैल होता तो. धोंडू बाकीच्या बैलांना पाणी दाखवत होता आणि सवयीनं सहाव्याच्या जागी वळत होता.

"माझी कुणी चौकशी केली नाही?" शेवटी मी विचारलं. विचारायला नको होतं.

"केली की. बाळशेट म्हणाले, विसोबा ना? तो पुढे गेला असेल."

"मग तुम्हाला कसं कळलं मी इथेच असेन?"

"माझ्या बांगड्या इथे होत्या." गोणीची गाठ तपासत त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही थांबतो म्हणाला होतात."

सहाव्या बैलाचं ओझं पुढे न्यायला पाठ नव्हती. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून जैनबबींनी त्या वस्तीतल्या प्रत्येक बाईच्या हातात बांगड्या भरल्या. कुणी जोंधळे दिले, कुणी काकवी, कुणी नुसताच आशीर्वाद. गोदाक्कानं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यांनी पाच वाढवल्या." जैनबबी म्हणाल्या, "पाचच? माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी अख्खी माळ वाढवली होती."

पुण्याला यायला आठ दिवस लागले. बारा वर्षांत मी सोबतीनं चाललो ते एवढे आठ दिवस. पहिल्या दिवशी मी सारखा पुढे जाई आणि जैनबबी मागून हाक मारत, "अहो, कुणी पाठीला लागलंय का?" बैलाच्या चालीनं चालणं माणसाला शिकावं लागतं. तिसऱ्या दिवसापासून जमलं. धोंडूला ऐकू येत नसे, त्यामुळे आमचं बोलणं मोकळं होई. आणि तो मध्येच आपल्या मनातलं काहीतरी मोठ्याने बोले, त्याला आम्ही दोघं हो म्हणत असू.

वाल्ह्याच्या अलीकडे एका फाट्यावर माझेच जुने दगड दिसले, माघातले. जैनबबी तिथे थांबल्या.

"हे लावताना घाईत होतात."

"कशावरून?"

"मधला दगड तिरका आहे. तुम्ही तिरका लावत नाही." त्या चालता चालता बोलत राहिल्या. "तांड्यात बाकीचे नुसते वाट बघतात. मी दगड बघते. एका वर्षी पालीच्या वाटेवर तुम्ही सगळीकडे नुसते टाकलेले होते दगड. एकावर एक, पण टाकलेले. मी धोंडूला खुणेनं सांगितलं, यांच्या घरी काहीतरी झालंय."

त्या वर्षी माझी आई गेली होती. येसकरांच्या तोंडून साखळीनं आलेला निरोप मला पालीच्या वाटेवर मिळाला होता. दहावा-बारावा होऊन गेले होते, परत फिरून उपयोग नव्हता. मी पुढचा मुक्काम पाहायला गेलो होतो. तांड्यात कोणालाच मी ते सांगितलं नव्हतं. सांगायला कोण होतं?

मी जैनबबींना म्हणालो, "आई गेली होती."

त्या म्हणाल्या, "तेव्हा विचारायला हवं होतं. पण तुम्ही सापडता कुठे?"

दिवे घाट उतरून हडपसराला आलो, तेव्हा त्यांनी बैल थांबवले. "इथून तुम्ही वेगळे चला, विसाजी. वाटेवर ठीक होतं. शहरात मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. लोकांना दुसरे उद्योग नसतात."

मी बरं म्हटलं. त्यांनी धोंडूच्या खांद्याला हात लावला आणि बैल चालू लागले.

त्या पावसाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पुन्हा त्या तांड्यात आल्या नाहीत. एकदा रविवार पेठेतून जाताना मी त्यांच्या दुकानापुढे उभा राहिलो. त्या उंबऱ्याजवळ बसल्या होत्या आणि एका मुलीच्या हातात चाचपत बांगडी भरत होत्या. मी चार हातांवर होतो. हाक मारली असती तर आवाज ओळखला असता. पण शहरात ओळख दाखवायची नाही असं ठरलं होतं, आणि ठरलेलं पाळायची मला सवय. मी तसाच पुढे गेलो. पुढच्या वैशाखात परतलो तेव्हा कळलं, त्या गेल्या. बैल बाळशेटनी शेवटपर्यंत दिला नव्हता. मी त्यांना आठवणही करून दिली नव्हती. ते मला अजून लागतं.

त्या आठ दिवसांनी एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसली होती. त्या चालण्यानंतरच्या पहिल्याच मार्गशीर्षात मी बाळशेटना म्हणालो, "या वर्षी मी तांड्याबरोबर चालतो. पुढे दुसरा कोणी धाडा."

ते ओशाळले. "चला की. तुमचाच तांडा आहे." तिशीतला एक धडधाकट माणूस त्यांनी पुढे धाडला.

पहिल्या संध्याकाळी मला चुलीजवळची चांगली जागा मिळाली. "विसोबा, आपण बसा, आपण बसा." नक्कल झाली नाही. त्या वेळी काय करायचं ते कोणाला सुचेना. गोविंदशेटनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पाणी कसं आहे?" पाण्याची घागर त्यांच्या पुढ्यातच होती. मी म्हणालो, "बरं आहे." कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आठवून एक गोष्ट सांगितली, ती पाटलाच्या कुत्र्याची. सगळे हसले, पण ती त्यांना माझ्याआधीपासून माहीत होती, आणि बाळशेट ती जास्त चांगली सांगत, हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. तिसऱ्या संध्याकाळी मी ओढ्यावर पाय धुवायला गेलो, आणि मागे हसणं उसळलं. परत आलो तशी ते थांबलं. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांना मी हवा होतो, पण नसलेला.

चौथ्या दिवशी उजाडताना मी घोंगडी आणि काठी घेतली. बाळशेट जागे होते. त्यांनी मला पाहिलं. थांबा म्हणाले नाहीत. म्हणाले, "उन्हाच्या आत पोचाल."

दुपारी एका विहिरीवर तो नवा माणूस सापडला. एकटाच बसला होता, कोरडी भाकरी हातात. मला पाहून घाईघाईनं उठला.

"काही चुकलं का हो माझं?"

"नाही. तू मागे जा. तांड्याबरोबर चाल. पुढचं मी बघतो."

त्यानं भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली. "चार दिवस कुणाशी धड बोललो नाही हो," तो म्हणाला, आणि जवळजवळ धावतच निघाला. त्यानंतर नऊ वर्षं पुढे मीच होतो.